पेशंटचं नाव : खारजमीन

पेणमध्ये माती पिशवीत घालून रस्त्यानं चालायची सोय नाही. दुसऱ्या गावात कुणी हटकलंच तर "पिशवीत काय आहे?" असं विचारील. पेणात "कुठली आहे?" असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत चिमूटभर माती काढून अंगठ्यानं चोळून पाहतात. गाव पडलं गणपतींचं. शाडू गुजरातेतून येतो, मूर्ती पेणात नि आसपासच्या हमरापूर-जोह्यात घडते आणि इथून मुंबई-पुण्यापासून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांपर्यंत जाते. त्यामुळे ज्यानं जन्मात कधी गणपतीचं बोटसुद्धा वळलेलं नाही, त्यालाही इथे मातीतलं कळतं. निदान कळतं असं तो धरून चालतो. मीही त्यातलाच.

अशा गावात ऐन एप्रिलमध्ये माझी भाची पुण्याहून आली आणि म्हणाली, "मामा, मला माती हवीय."

"शाडू?"

"नाही. शेतातली, खारजमिनीतली. आणि जराही हललेली चालणार नाही."

भाची पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत असते. तिथे ती मातीचे दंडगोल एक्स-रे यंत्रासमोर गोल फिरवते, सगळ्या बाजूंनी त्यांची हजारो छायाचित्रं घेते आणि मग संगणकाला बसवून त्या सावल्यांवरून मातीच्या आतलं त्रिमित चित्र तयार करून घेते. याला टोमोग्राफी म्हणतात. दवाखान्यात सीटी स्कॅन करतात तेच, फक्त इथे रांगेत माती.

"पण मातीत बघायचंय काय?" मामीनं विचारलं.

"छिद्रं."

"म्हणजे माती नाही?"

"माती जिथे नाही, ती जागा."

मामी माझ्याकडे बघत राहिली. भावोजींनी पोरीच्या शिक्षणावर केलेला खर्च तिला पै-पैसा माहीत आहे.

तसं पाहिलं तर पोरीचं म्हणणं रास्त होतं. धरमतरच्या खाडीकाठी आमचा खारेपाट. समुद्राला बाहेर ठेवायला बाहेरकाठे घातलेले, मोठ्या उधाणाला त्यांना खांड पडते आणि भाताच्या शेतात खारं पाणी शिरतं. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. तो हे मीठ धुऊन काढतो. उन्हाळा आला की तेच मीठ मातीतल्या बारीक वाटांनी पाण्याबरोबर वर चढतं आणि जमीन पांढरी पडते. म्हणजे मीठ खाली किती जाणार नि वर किती येणार, हे त्या वाटा एकमेकींना जोडलेल्या आहेत की मध्येच मिटलेल्या, यावर ठरतं. आणि नेहमीच्या माती परीक्षणात पहिल्यांदा काय करतात, तर माती वाळवून कुटतात आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीनं चाळतात. नत्र, स्फुरद, पालाश धरून बारा गोष्टींचा हिशेब आरोग्यपत्रिकेवर येतो. वाटांचा निकाल पहिल्याच दणक्याला लागलेला असतो.

मला मात्र यात निराळाच योग दिसला. आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा जन्मले आणि दोन महिनेही पुरे व्हायच्या आत, 8 नोव्हेंबरला, तिकडे जर्मनीत रॉंटगेनला क्ष-किरण सापडले. एकानं पुढे देशभर चालत जमीन मागितली, दुसऱ्याच्या किरणांनी आरपार पाहता येऊ लागलं. दोघांचं काम एकत्र आणायचं माझ्या भाचीच्या नशिबी होतं. हे मी तिला भारावून सांगितलं. ती म्हणाली, "मामा, दोन इंची पाईप कुठे मिळेल?"

पाईप प्लॅस्टिकचाच हवा होता, कारण धातूच्या नळीतून किरण नीट पार होत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानदारानं सहा-सहा इंचांचे तुकडे कापता कापता विचारलं, "नळ किती काढायचेत?"

"नळ नाही. शेतात ठोकायचेत."

"बोअर? सहा इंचांवर पाणी?" असं म्हणून त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात बरीच वर्षांची ओळख संपत आल्याची चिन्हं होती.

खारेपाटात शेतात उतरून काहीही मोजायला लागलं की दहा मिनिटांत माणसं जमतात. 2008 साली पेण तालुक्यातल्या बावीस गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर सरकारनं जनमत घेतलं होतं. त्याची आठवण इथे अजून ताजी आहे. टेप, खुंटी, कॅमेरा यांतलं काहीही घेऊन आलेला माणूस जमीन घ्यायलाच आलेला असतो.

"माती कनाला नेतंस गो पोरी?" शेतमालकानं विचारलं.

"आत किती भोकं आहेत ते बघायला, काका."

"भोकं? ती मी दाखवतंय. चल बांधावर."

भाचीनं त्यांना एक्स-रेचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते सगलं खरा. पन गुंठ्याला भाव काय देतान?"

पुढच्या खेपेला आम्ही रोह्याला, कुंडलिकेच्या काठी गेलो. तिथे शेजारी धाटावची औद्योगिक वसाहत. त्यामुळे तिथल्या लोकांनी जमीन जाण्याची धास्ती मुळीच घेतली नाही. त्यांनी भाचीला प्रदूषण तपासायला आलेली बाई ठरवून टाकलं आणि एकेक जण तिला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगू लागला, "मॅडम, इथली काय नेता, त्या नाल्याकडची न्या. माझं नाव सांगू नका." अशा रीतीनं नाव न सांगण्याच्या अटीवर तिला बरीच माती मिळाली. तिच्या कामाची त्यातली कुठलीच नव्हती.

आता वाहतूक. शास्त्रात या नमुन्याला अनडिस्टर्ब्ड सॅम्पल म्हणतात. शेतात माती जशी होती तशीच, कणाला धक्का न लावता, ती प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. ज्या कुणी ही संकल्पना मांडली, तो मुंबई-गोवा महामार्गावरून गेलेला नसणार. या रस्त्याचं पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता मिशा कोरतात. रोह्याहून नागोठण्यामार्गे पेणला येताना मी मागच्या सीटवर बसलो होतो, मांडीवर उशी, उशीवर नळ्या, नळ्यांवर माझे दोन्ही हात. नागोठण्यापर्यंत मी नळ्यांना सांभाळत होतो. वडखळ येईतो माझ्याच मणक्यांची जागा बदलल्याची मला खात्री झाली. भाची पुढून दर खड्ड्याला विचारायची, "मामा, हलल्या नाहीत ना?" मी म्हणायचो, "त्या नाहीत."

पुढच्या वेळी आम्ही रोह्याहून मेमू गाडी पकडली. गाडी छान संथ. पण समोरच्या बाईंना नळ्यांत काय आहे ते कळेना आणि त्यांना ते कळल्याशिवाय पेण येऊ द्यायचं नव्हतं. "पोंगे आहेत? अगरबत्ती? मग राख आहे का हो?" शेवटचा प्रश्न त्यांनी अशा कणवेनं विचारला की मी मान खाली घातली. त्यांनी लगेच सरकून जागा करून दिली. पेणपर्यंत आम्हाला फार आदरानं वागवण्यात आलं. उतरताना डब्यातल्या एका गृहस्थांनी नळ्यांना नमस्कार केला.

घरी आल्यावर नळ्या टोपणं लावून फ्रिजमध्ये गेल्या, कारण माती वाळली की आकसते आणि नसलेल्या भेगा दिसू लागतात. एप्रिलमध्ये पेणच्या घरातल्या फ्रिजमध्ये पापडाच्या पिठाव्यतिरिक्त काही ठेवायचं म्हणजे घरात फूट पाडणं. मामीनं एक कप्पा मोकळा करून दिला, पण त्या दिवसापासून "तुमच्या मातीमुळे" हे दोन शब्द वाक्याच्या सुरुवातीला वापरायचा हक्क तिला मिळाला. तो तिनं अजून सोडलेला नाही.

पुण्याच्या यंत्रावर वेळ मिळणं महाग. म्हणून प्रवासात कुठल्या नळ्या तडकल्या हे आधी साध्या सीटी स्कॅनवर पाहून घ्यावं, असं भाचीच्या मनात आलं. यात विचित्र काही नाही. 1980च्या दशकात मातीचे पहिले स्कॅन दवाखान्यांतल्याच यंत्रांवर झाले. ते यंत्र ज्यानं घडवलं तो गॉडफ्रे हाउन्सफील्ड तर ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीत नोकरीला होता आणि त्यानं चाचणीसाठी कत्तलखान्यातून बैलाचा मेंदू आणला होता. त्याच्या पहिल्या प्रयोगात एका वस्तूचं मोजमाप घ्यायला नऊ दिवस लागले. लंडनमध्ये 1 ऑक्टोबर 1971 ला पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, 1979 ला त्याला नोबेल मिळालं. त्याला एकच अडचण आली नसावी, ती म्हणजे काउंटर.

"पेशंटचं नाव?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"पेण-1," भाची म्हणाली.

"आडनाव टाकल्याशिवाय पुढे जात नाही."

"खारजमीन."

"वय?"

"काही हजार वर्षं."

"तीनच आकडे घेतं." तिनं 999 टाकलं. "मेल की फीमेल?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काळी आई म्हणतात म्हणून मी म्हणालो, "फीमेल."

"प्रेग्नंट आहेत का? लेडीज पेशंटला हा प्रश्न कंपल्सरी आहे."

"उन्हाळ्यात नसते," मी म्हणालो.

तिनं 'नाही'वर टिचकी मारली. "उपाशीपोटी आणलंय ना? अंगावर दागिने? कुठल्या डॉक्टरनी पाठवलं?" भाचीनं आपल्या गाईडचं नाव सांगितलं, ते पीएचडीवाले डॉक्टर, पण यादीत बसले.

आतला टेक्निशियन तरुण होता आणि दिवसभर पाठदुखी बघून कंटाळलेला होता. त्याला फार आनंद झाला. या यंत्राच्या मोजपट्टीवर पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, हाडं वरच्या टोकाला. पडद्यावर नळी आली तसा तो ओरडला, "मॅडम, तुमचा पेशंट नुसता हाडाचाच आहे!" मग तिथले मोठे डॉक्टर आले, त्यांनी चश्मा वर करून पाहिलं, मधोमध असलेल्या बोटभर रुंदीच्या काळ्या भोकावर बोट ठेवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हे मला बरं दिसत नाही. सर्जनला दाखवून घ्या."

नळ्या पुण्याला गेल्या, मोठ्या यंत्रात फिरल्या, आणि जूनमध्ये भाची सगळा माल हार्ड डिस्कवर घालून पुन्हा आमच्याकडे आली. दवाखान्यातलं यंत्र साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पाहतं, हिचं पंचवीस मायक्रॉनपर्यंत. रुंदीत दोन हजार ठिपके, लांबीत दोन हजार, उंचीत दोन हजार. म्हणजे आठशे कोटी ठिपके, आणि एका नळीची फाइल सोळा जीबीची. लॅपटॉपवर ती उघडायला घेतली की त्याचा पंखा असा घरघरायचा की मामी पाण्याची मोटर बंद करायला मागच्या दारी जायची. निम्मं काम झालं की वीज जायची. पाऊस सुरू झाल्यावर आमच्याकडे वीज असण्याला कारण लागतं.

या दिवसांत मला रिकन्स्ट्रक्शन म्हणजे काय ते समजलं, आणि समजल्यावर थक्क झालो, कारण आमची आळी हे काम पिढ्यान् पिढ्या करत आलेली आहे. एक्स-रेचा एकेक किरण मातीतून आरपार जातो आणि वाटेत एकूण किती अडथळा आला तेवढंच सांगतो. कुठे आला ते त्याला माहीत नसतं. आळीतही तसंच. कोपऱ्यावरच्या बंद दाराच्या घराबद्दल दूधवाल्याला इतकंच कळतं की दूध दोन लिटर वाढलं. इस्त्रीवाल्याला कळतं की दोन भरजरी साड्या आल्या. रिक्षावाला सांगतो, स्टेशनवरून चार माणसं सोडली. प्रत्येकाकडे फक्त बेरीज. पण संध्याकाळी ओट्यावर सगळ्या बाजूंच्या बेरजा एकत्र आल्या की त्या घरात कोण कुणाला बघायला आलं, मुलगा काय करतो आणि पत्रिका कुठे अडली, हे आतल्या माणसांच्या आधी बाहेर तयार असतं. हे शक्य आहे असं गणितानं सिद्ध करून दाखवलं योहान राडॉन यानं 1917 साली. यंत्र तेव्हा जगात कुठेच नव्हतं. ओटे होते.

अडचण अशी की नुसत्या बेरजा एकमेकींवर पसरल्या तर चित्र धूसर येतं; खऱ्या गोष्टीभोवती भलतीच पुसट आभा पसरते. दूध वाढलं, तर घरातल्या प्रत्येकावर थोडा थोडा बाळंतपणाचा संशय. ही आभा खरवडून काढायला आधी प्रत्येक सावलीला चाळणी लावावी लागते, आणि ती चाळणी आपल्याकडची आहे. 1971 साली गो. ना. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या दोघांनी ती रीत छापली, म्हणून जगभर तिला राम-लाक फिल्टर म्हणतात. यानं कडा धारदार होतात, त्याबरोबर खरखरही वाढते. आमच्याकडे हे काम समोरच्या काकू करतात. कोण किती वाढवून सांगतो याचा अंदाज बांधून त्या प्रत्येकाच्या बातमीतून तेवढं वजा करतात आणि उरलेलं मोठ्या आवाजात सांगतात.

दोषसुद्धा तेच. डिटेक्टरचा एखादा ठिपका बिघडलेला असला तर तो प्रत्येक कोनातून तीच चुकीची नोंद देतो आणि चित्रात मध्याभोवती एक बिनकामाचं वर्तुळ उमटतं. आळीत असे एक निवृत्त गृहस्थ आहेत. विषय लग्नाचा असो, आजाराचा असो की नगरपालिकेचा, ते कुठल्याही बाजूनं "मुळात वाद जमिनीचा आहे" एवढंच सांगतात. त्यामुळे आळीतल्या प्रत्येक बातमीभोवती जमिनीच्या वादाचं एक कडं असतं. भाचीकडे अशी कडी पुसायचं सॉफ्टवेअर आहे. आम्ही ओट्यावर नुसता विषय बदलतो.

सर्वांत छळलं ते फिरण्याच्या केंद्रानं. नळी ज्या अक्षाभोवती फिरली तो अर्धा ठिपका जरी चुकीचा धरला तरी चित्रातली प्रत्येक कड दुहेरी होते. अर्धा ठिपका म्हणजे साडेबारा मायक्रॉन. रात्रीच्या रात्री ती पोर "डावीकडे पाव, नाही, उजवीकडे पाव" करत बसायची. मी मागे बसून मत द्यायचो. मला दोन्ही चित्रं सारखीच दिसत, पण पेणचा माणूस मातीच्या बाबतीत गप्प बसला तर लोक काय म्हणतील?

आणि मग पेण-3 उघडली. बाकी नळ्यांत आडव्यातिडव्या, कुठे मिटलेल्या वाटा होत्या. हिच्यात माती नळीच्या भिंतीपासून सुटलेली आणि बाहेरच्या अंगाला गोल गोल वळत गेलेल्या सुबक भेगा. असं आजवर कुणी दाखवलं नव्हतं. पुण्याच्या गाईडना फोन गेला. ते इतके खूश झाले की त्यांनी मिठाच्या स्फटिकांनी मातीला पीळ बसतो असा सिद्धांत फोनवरच मांडला आणि भाचीला तीन पानं लिहून पाठवायला सांगितलं. तिनं पाच लिहिली.

समोरच्या काकू वाटी परत करायला आल्या तेव्हा पडद्यावर पेण-3 सावकाश गिरक्या घेत होती. काकूंनी कोपऱ्यातलं नाव वाचलं.

"अगबाई! पेण-3 म्हणजे आपलं लाटणं ना?"

"कसलं लाटणं?"

"उन्हाळ्यात पापडाला नाही का, फ्रिजमध्ये ठेवलेलं? गार लाटण्याला पीठ चिकटत नाही. मला वाटलं, नवीन कंपनी निघाली. छान जड होतं हो. दोनशे पापड लाटले मी त्यानं." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "त्या दिवसाचे जरा खारट झाले होते खरे."

मिठाचा पीळ पाच पानांसकट रद्द झाला. मामीनं "तुमच्या मातीमुळे" म्हणून वाक्य सुरू केलं आणि प्रथमच अर्धवट सोडलं, कारण उरलेले पापड आम्ही त्याच रात्री जेवताना भाजले होते.

शेतमालकाला चित्रं दाखवायचं भाचीनं कबूल केलं होतं. भाताची लावणी आटोपल्यावर आम्ही लॅपटॉप घेऊन गेलो. त्यांनी ओटीवर बसून पेण-1 सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. ज्या भोकाला डॉक्टर सर्जनकडे पाठवत होते, ज्याच्या उगमाबद्दल भाचीच्या वहीत तीन शक्यता होत्या, त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "खेकरा." बांधाच्या अंगानं खेकडा असाच वाकडा उतरतो आणि मग कड घेतो, हे त्यांनी हातानं हवेत वळण काढून दाखवलं. पडद्यावरचं वळण तेच होतं.

"यो कागदावर काढून दे मला," ते म्हणाले. "माझा भाव बोलतो, बांधाला मी भोकं पारली. तलाठ्याला दाखवतंय."

भाचीनं तिथल्या तिथे पेनानं सही करून चित्र देऊ केलं. त्यांनी ते उलटून पाहिलं.

"शिक्का?"

"शिक्का नसतो, काका. हे संशोधन आहे."

"शिक्का नाय तं कागुद कनाला?"

परतताना भाची बराच वेळ गप्प होती. पेण जवळ आल्यावर तिनं विचारलं, "मामा, इथे रबरी शिक्के कुठे करून मिळतात?" तेवढ्यात तिचा फोन वाजला. शेतमालकच होते. आवाज मला मागच्या सीटपर्यंत ऐकू आला.

"पोरी, गोल कर. चवकोनी तो मानत नाय."